थोडक्या घरांच्या गावाने आपल्याला काय दिले?



येत्या रविवारी आपल्या धर्मग्रामात मिशन रविवार साजरा होईल. दरवर्षीप्रमाणे सर्व मिस्सांच्या वेळी विशेष दान गोळा केले जाईल. त्यासाठीची पाकिटे आज मिस्सानंतर तुमच्या हाती दिली जात आहेत. पाकीट घरी न्यायचे, त्यात एखादी नोट घालायची आणि पुढच्या रविवारी परत आणायचे, हे आता आपल्या अंगवळणी पडले आहे. इतके अंगवळणी पडले आहे की ती नोट कुठे जाते आणि का जाते, हे आपण फारसे विचारत नाही.

यंदा मात्र दोघांनी विचारले. एका लघु ख्रिस्ती समूहाच्या बैठकीत एक वयस्कर मावशी म्हणाल्या, "फादर, आपल्याकडेच कितीतरी घरांत अडचण आहे. एवढ्या लांबच्या लोकांना पैसे कशाला पाठवायचे?" मावशींचे बोलणे संपते न संपते तोच एका तरुणाने दुसरा प्रश्न टाकला, "कॅनडात मिशनच्या शाळांमध्ये मुलांचे हाल झाले. पोपमहोदयांनी तिथे जाऊन माफी मागितली. मग आपण मिशनला मदत करतो म्हणजे नक्की कशाला मदत करतो?"

बैठकीत क्षणभर शांतता पसरली. आम्ही वेळेनुसार थोडक्यात उत्तर दिले, पण त्याने ना मावशींचे समाधान झाले, ना त्या तरुणाचे. खरे सांगायचे तर आमचेही झाले नाही. दोन्ही प्रश्न प्रामाणिक होते आणि प्रामाणिक प्रश्नाला घाईचे उत्तर देऊ नये. म्हणून आज त्या प्रश्नांचा आपण मिळून विचार करू या. त्या तरुणाने कॅनडाचे नाव घेतलेच आहे, तर आपणही तिथूनच सुरुवात करू.

बर्फातले गाव

कॅनडाच्या उत्तर टोकाला नुनावुत नावाचा प्रदेश आहे. १ एप्रिल १९९९ रोजी तो स्वतंत्र प्रदेश म्हणून अस्तित्वात आला. क्षेत्रफळाने तो आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ सात पट आहे, पण २०२१ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या ३७ हजारांच्या आतच भरली. आपल्या वसई-विरार शहरात २०११ सालीच १२ लाखांहून अधिक माणसे होती, हे ध्यानात घेतले म्हणजे तिथल्या एकाकीपणाची कल्पना येते. तिथे २५ वस्त्या आहेत आणि एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत जायला रस्ता नाही. विमानाने जायचे, नाहीतर बर्फावरून. समुद्र वर्षातले मोजकेच महिने मोकळा असतो. त्या काळात जहाजाने जे सामान येईल त्यावर आणि विमानाने येणाऱ्या महागड्या मालावर गाव चालते. हिवाळ्यात पारा उणे ३० अंशांच्याही खाली उतरतो.

तिथे राहणाऱ्या लोकांना इनुइत म्हणतात. त्यांतील बहुतेक आज ख्रिस्ती आहेत. अँग्लिकन पंथाचे अधिक आहेत, कॅथलिक त्यामानाने थोडे आहेत. हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावर चेस्टरफील्ड इनलेट नावाचे गाव आहे. गावाचे मूळ नाव इग्लुलिगार्जुक, म्हणजे थोडक्या घरांचे ठिकाण. आजही तिथे जेमतेम चारशे माणसे राहतात. आपल्या एखाद्या मोठ्या आळीत याहून अधिक माणसे असतील!

या गावात १९१२ साली निष्कलंक मरियेच्या ओब्लेट संघाचे फ्रेंच धर्मगुरू फादर आर्सेन तुर्केतिल एका सोबत्यासह उतरले. जहाज वर्षातून एकदा यायचे. ते निघून गेले की पुढचा उन्हाळा येईपर्यंत घरची खबर नाही, वरिष्ठांचे पत्र नाही. फादर लोकांची भाषा शिकत राहिले. एक वर्ष गेले, दोन गेली, तीन गेली. एकाही माणसाने बाप्तिस्मा मागितला नाही. १९१३ साली आणखी पश्चिमेला कॉपरमाइन नदीकाठी दोन ओब्लेट धर्मगुरूंची हत्या झाली होती. हे मिशन चालवावे की बंद करावे, असा विचार वरिष्ठांच्या मनात येऊ लागला.

पुढची हकीकत ओब्लेट मिशनरी अशी सांगतात. एका वर्षी जहाजाने आणलेल्या टपालात लिझ्यू येथील एका तरुण धर्मभगिनीची माहिती देणारी पुस्तिका होती आणि तिच्या कबरीवरची चिमूटभर माती होती. फादर तुर्केतिलही तिच्याच नॉर्मंडी प्रांताचे. त्यांनी आपले अपयश त्या धर्मभगिनीच्या हवाली केले आणि तिच्या मध्यस्थीने प्रार्थना केली. त्यानंतर लोक आपणहून शिकायला येऊ लागले. २ जुलै १९१७ रोजी त्या गावात पहिले बाप्तिस्मे झाले.

ती धर्मभगिनी म्हणजे आपली संत छोटी तेरेजा. पंधराव्या वर्षी ती कार्मेल मठात गेली, त्यानंतर मठाबाहेर पडली नाही आणि १८९७ साली चोविसाव्या वर्षी क्षयाने वारली. मिशनप्रदेश तिने डोळ्यांनी कधी पाहिला नाही. तिच्या शेवटच्या आजारातली एक गोष्ट प्रसिद्ध आहे. ताकद उरलेली नसतानाही ती बागेत पावले टाकत होती. कोणी विचारले तेव्हा तिने सांगितले की, कुठेतरी लांबवर एखादा मिशनरी चालून चालून थकला असेल, त्याचा शीण कमी व्हावा म्हणून ही पावले ती देवाला अर्पण करत आहे.

१९२५ साली तिला संतपद मिळाले. त्यानंतर उत्तर कॅनडाच्या मिशनांतून एक मागणी पुढे आली. या मुलीने आमच्या मिशनांना हात दिला आहे, तेव्हा तिला मिशनांची आश्रयदाती म्हणून घोषित करावे, अशी ती मागणी होती. जगभरच्या अनेक मिशन बिशपांनी तिला पाठिंबा दिला. १४ डिसेंबर १९२७ रोजी पोप अकरावे पायस यांनी संत फ्रान्सिस झेवियरच्या बरोबरीने तिला मिशनांची आश्रयदाती केले.

बंधू-भगिनींनो, आता मावशींच्या प्रश्नाकडे वळू. आपण त्या लांबच्या लोकांना काय देतो, असे आपण विचारतो. पण त्या थोडक्या घरांच्या गावाने आपल्याला काय दिले, हे पाहा. छोट्या तेरेजाची तसबीर आपल्या कितीतरी घरांत आहे. दर १ ऑक्टोबरला आपण तिचा सण साजरा करतो, मिशनांसाठी तिची प्रार्थना मागतो. ही देणगी रोममध्ये पोहोचण्यापूर्वी बर्फातल्या एका गरीब मिशनमध्ये जन्मली. देणारे आपण आणि घेणारे ते, असा हिशेब देवाच्या घरी चालत नाही.

आपणही कधी लांबचे होतो

आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. आपल्या वसईचे लोकही एके काळी कुणासाठी तरी 'लांबचे लोक' होते. समुद्र ओलांडून आलेल्या माणसांनी आपल्या पूर्वजांना सुवार्ता सांगितली. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून १५७९ साली गोव्यात आले, इथली भाषा शिकले आणि १६१६ साली त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. परक्या माणसाने आपली भाषा जिभेवर घेतली म्हणून प्रभूचे चरित्र मराठी ओव्यांतून गाता आले.

आणि आपण नुसते घेणारेही राहिलो नाही. याच वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया जपानमध्ये गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर प्रभूसाठी मरण पावले. आपल्या वसईच्या मुलाने जपानच्या लोकांसाठी प्राण दिले तेव्हा, 'इथे काय कमी काम होते?' असे आपण म्हणत नाही. आपण त्याचा अभिमान बाळगतो. मग आज आपल्या खिशातल्या नोटेची वेळ आली तर अंतर मोजायचे का?

संत पौलाने जेरुसलेमच्या गरजवंत बांधवांसाठी दान गोळा केले, तेव्हा मासेदोनियातल्या मंडळींनी आपल्याच गरिबीतून सढळ हाताने दिले, हे करिंथकरांस पत्रात आपण वाचतो. त्यांच्याही घरांत अडचण होतीच. मंदिरातल्या त्या विधवेकडे तर दोनच नाणी होती. प्रभूने तिचेच दान मोठे मानले.

मिशनसाठी वर्गणी गोळा करण्याची पद्धतही काही श्रीमंतांच्या दिवाणखान्यात सुरू झाली नाही. फ्रान्समधील लिओं शहरात पोलिन जारिको नावाची तरुणी होती. तिने दहा-दहा जणांचे गट केले. प्रत्येकाने रोज प्रार्थना करायची आणि आठवड्याला एक सू, म्हणजे त्या काळचे अगदी लहान नाणे द्यायचे. रेशमाच्या कारखान्यांत राबणाऱ्या मुली तिच्या पहिल्या साथीदार होत्या. यातूनच १८२२ साली धर्मप्रसाराची संस्था उभी राहिली आणि पुढे १९२६ साली पोप अकरावे पायस यांनी जगभर मिशन रविवार सुरू केला. पोलिन स्वतः १८६२ साली दारिद्र्यात वारली. २२ मे २०२२ रोजी तिला धन्यवादित घोषित करण्यात आले.

तेव्हा मावशी, तुमच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे आहे. शेजारच्या घरात चूल पेटली नसेल तर आधी तिथे जा. त्यासाठी मिशनचे पाकीट आड येत नाही. पण शेजारच्याला द्यायचे नाही आणि लांबच्यालाही द्यायचे नाही, यासाठी जर आपण गरिबांचे नाव पुढे करत असू, तर ती गोष्ट आपल्याला प्रभूपुढे कबूल करावी लागेल.

ज्या जखमेची लाज वाटते

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. तो टाळून मिशन रविवार साजरा करणे आम्हाला योग्य वाटत नाही.

ज्या चेस्टरफील्ड इनलेटमध्ये पहिले बाप्तिस्मे झाले, त्याच गावात १९५० च्या दशकाच्या मध्यापासून १९६९ पर्यंत सरकारी शाळेसाठी मिशनचे एक वसतिगृह चालत होते. दूरदूरच्या वस्त्यांतून लहान मुलांना विमानाने तिथे आणले जाई. ती कितीतरी महिने आईवडिलांपासून दूर राहत. काही मुलांना तिथे मारहाण झाली, काहींवर लैंगिक अत्याचार झाले. त्या वसतिगृहाला नाव होते फादर तुर्केतिल यांचे! १९९३ साली हीच मुले मोठी होऊन त्या गावात पुन्हा जमली आणि इतकी वर्षे मनात दाबून ठेवलेले बोलली. १९९६ साली तिथल्या बिशपांनी माफी मागितली. कॅनडाच्या सत्य व समेट आयोगाने देशभरच्या अशा निवासी शाळांचा अंतिम अहवाल २०१५ साली दिला. पोप फ्रान्सिस जुलै २०२२ मध्ये कॅनडात गेले. २९ जुलैला ते नुनावुतची राजधानी इकालुइत येथे या शाळांतून गेलेल्या लोकांना भेटले आणि त्यांनी क्षमा मागितली.

हे सारे घडले आहे. 'त्या काळी सगळीकडे तसेच होते' असे म्हणून आपण ते झाकू नये. ज्या लेकरांना प्रभूने आपल्याकडे येऊ द्या म्हटले, त्यांनाच त्याच्या नावाने दुखावले गेले.

मग मिशनला मदत करायची की नाही? आमच्या मते या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या की उत्तर दिसते. एकीकडे एक परका माणूस लोकांच्या घरी पाहुणा म्हणून आला, त्यांची भाषा शिकला आणि कुणीही येत नसताना पाच वर्षे थांबला. त्याच्याही काही समजुती आज आपल्याला पटणार नाहीत, पण तो दार ठोठावून थांबला होता. दुसरीकडे मुलांनाच घरातून उचलून आणले गेले आणि त्यांची भाषा त्यांनी विसरावी अशी व्यवस्था केली गेली. पहिल्या ठिकाणी सुवार्ता हातात होती. दुसऱ्या ठिकाणी हातात सत्ता होती. सुवार्तेला सत्तेची काठी लागली की ती सुवार्ता उरत नाही, हा त्या जखमेचा धडा आहे.

आणि तिथले लोक? काहींनी चर्चकडे पाठ फिरवली. त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण त्याच बर्फात काही इनुइत कुटुंबांनी चर्चचे दार बंद होऊ दिले नाही. कुगारुक या गावी जवळपास झाड नाही, म्हणून मिशनरींनी १९४१ च्या सुमारास दगडांचे छोटे देऊळ उभारले होते. त्याच गावी १९६० च्या दशकाच्या अखेरीस इनुइत पतिपत्नींना जोडीने धर्मशिक्षकाचे प्रशिक्षण देण्यास सुरुवात झाली. तिथल्या चर्चिल-हडसन बे धर्मप्रांताचा पसारा एवढा मोठा आणि धर्मगुरू इतके मोजके की कित्येक वस्त्यांत अनेक रविवार मिस्साविना जातात. अशा रविवारी गावातलीच माणसे चर्च उघडतात, इनुक्तितुत भाषेत वचन वाचतात, प्रार्थना चालवतात, मुलांना शिकवतात. मिस्साची भाकर आणि द्राक्षारस मात्र विमानाची वाट पाहतात, कारण तिथे ना गहू पिकतो ना द्राक्षे.

आपल्याकडे सकाळी एक मिस्सा चुकली तर दुसरी आहे, दुसरी चुकली तर शेजारच्या धर्मग्रामात संध्याकाळची आहे. मिस्सा पाच मिनिटे लांबली की आपण घड्याळ पाहतो. फादर पुढच्या महिन्यात येणार की त्याच्या पुढच्या, हे ज्या गावाला ठाऊक नसते, त्या गावाच्या रविवारची आठवण आपल्याला तेव्हा झाली तर बरे.

असे छोटे चर्च जिवंत राहायला फार मोठे काही लागत नाही, पण जे लागते ते महाग असते. देवळात ऊब राहावी म्हणून इंधन, फादरांच्या विमानप्रवासाचे भाडे, धर्मशिक्षकांचे प्रशिक्षण, त्यांच्या भाषेतली पुस्तके. चारशे माणसांचे गाव हे सारे एकटे पेलू शकत नाही. कॅनडातल्या अशा गरीब धर्मप्रांतांना तिथलीच 'कॅथलिक मिशन्स इन कॅनडा' ही १९०८ साली सुरू झालेली संस्था मदत करते. आपल्या मिशन रविवारचे दान पोपमहोदयांच्या मिशन संस्थांच्या सामायिक निधीत जाते आणि तिथून आशिया, आफ्रिका व अन्य ठिकाणच्या हजाराहून अधिक मिशन धर्मप्रांतांच्या गरजांसाठी वाटले जाते. म्हणजे आपली नोट चेस्टरफील्डला जाईल असे नाही. पण जिथे जाईल तिथेही असेच एखादे लांबचे गाव असेल, अशीच एखादी मावशी चर्चची किल्ली सांभाळत असेल.

पैशाबरोबर माणसेही जातात, हे विसरू नका. तामिळनाडूत जन्मलेले ओब्लेट धर्मगुरू फादर सुसाई जेसू कॅनडात गेले, तिथल्या मूळ रहिवाशांची क्री भाषा शिकले आणि त्यांच्यात राहिले. २५ जुलै २०२२ रोजी पोप फ्रान्सिस एडमंटनच्या ज्या मूळनिवासी धर्मग्रामात गेले, तिथे तेच पॅरिश प्रीस्ट होते. २०२५ साली त्यांची उत्तरेकडील कीवाटिन-ल पा या धर्मप्रांताचे आर्चबिशप म्हणून नेमणूक झाली. ज्या शाळांत मुलांची भाषा तोडली गेली, त्याच देशात आपल्या भारताचा एक पुत्र ती भाषा शिकून मेंढपाळ झाला. त्या तरुणाच्या प्रश्नाला याहून चांगले उत्तर आमच्याजवळ नाही. मिशन थांबवून ती जखम बरी होणार नाही. जे मिशन ऐकून घेते, चूक कबूल करते आणि लोकांच्या भाषेत त्यांच्याशेजारी बसते, ते मिशन चालू राहिले तर ती भरून यायला मदत होईल.

या आठवड्यात आपण काय करू या?

आमच्या तुमच्याकडे तीन मागण्या आहेत.

पहिली, या आठवड्यात रोज संध्याकाळी घरी रोझरी म्हणताना एक दशक अशा गावासाठी अर्पण करा, जिथे या रविवारी मिस्सा होणार नाही. मुलांना नकाशावर हडसन उपसागर शोधायला सांगा. ज्या गावाचे नाव मुलांच्या ओठांवर येते ते लांबचे राहत नाही.

दुसरी, पाकिटात घालायची रक्कम पाकीटमारीसारखी शेवटच्या क्षणी खिशातून काढू नका. घरातल्या सर्वांनी बसून ठरवा की या आठवड्यात आपण कशावाचून राहू शकतो. शुक्रवारची मासळी असेल, हॉटेलमधले एक जेवण असेल, नाहीतर मुलांचा खाऊ असेल. त्यातून वाचेल ते पाकिटात घाला. ज्यांच्या घरी खरोखरच अडचण आहे त्यांनी पाकीट रिकामे आणले तरी चालेल. त्यात आपली प्रार्थना लिहिलेली चिठ्ठी ठेवा. वेदीवर ती नोटांच्या बरोबरीनेच जाईल.

तिसरी मागणी आईवडिलांसाठी आहे. तुमच्या घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी मिशनला जाण्याची गोष्ट बोलली, तर हसून विषय बदलू नका. गोन्सालोच्या घरीही कुणीतरी त्याला जाऊ दिले असेल.

शेवटी त्या बागेतल्या आजारी मुलीकडे पुन्हा एकदा पाहू या. तिच्यापाशी पैसा नव्हता, आयुष्यही उरले नव्हते. होती ती चार पावले तिने लांबच्या एका थकलेल्या माणसासाठी टाकली. आपल्यालाही या आठवड्यात आपापली चार पावले टाकायची आहेत.

हे प्रभू येशू, बर्फातल्या, डोंगरातल्या आणि जंगलातल्या तुझ्या लहान मंडळींना सांभाळ. तुझ्या नावाने ज्यांना दुखावले गेले त्यांच्या जखमा भरून काढ. आणि आम्हाला देताना नम्र कर व घेताना कृतज्ञ कर. संत छोट्या तेरेजा, आमच्यासाठी विनंती कर. आमेन.

प्रभूमध्ये आपले,
धर्मग्रामातील धर्मगुरू